कळलं का काही?

समकालीन नृत्याच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त दमतो तो प्रेक्षक. नर्तक हातपाय हलवून मोकळा होतो. आपल्याला मात्र तासभर 'कळतंय' असा चेहरा धरून ठेवावा लागतो. शेजारचे गृहस्थ मान डोलावतात म्हणून आपणही डोलावतो. ते बिचारे पेंगत असतात.

पणजीत डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो. २०१६ साली सुरू झाला. चित्रं, नाटक, गाणं, खाणं, आणि त्यात नृत्यही. आम्हां उत्तर कन्नडातल्या अणशीकरांना बेंगळूरूपेक्षा पणजी जवळची. घाट उतरला की कद्रा, पुढे कारवार, काणकोण, मडगाव. एकदा आत्तेलाही घेऊन गेलो. 'नाच आहे' एवढंच सांगितलं होतं. तिच्या लेखी नाच म्हणजे शिमगा. ढोल वाजला की पाय उचलायचा, दमलं की बसायचं.

इथे ढोलच नव्हता. अंधारात एक परदेशी मुलगी बराच वेळ निपचित पडून होती. मग तिनं एक पाय झटकला. पुन्हा झटकला. मग दोन्ही हातांनी पोटरी चाचपू लागली.

"जळू लागलीय," आत्ते कुजबुजली. "मीठ द्या म्हणावं कुणीतरी."

अणशीच्या पावसात वाढलेल्या माणसाला पाय झटकण्याचा दुसरा अर्थ सुचणं कठीणच. मी पुस्तिका उघडून दाखवली. 'शरीर आणि अवकाश यांच्यातल्या तणावाचा शोध' असं छापलं होतं. आत्तेनं ते वाचून घेतलं, पुन्हा मंचाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग सापडली का जळू?"

१९१३ साली पॅरिसात निजिन्स्कीनं बसवलेल्या 'द राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेच्या पहिल्या प्रयोगात लोकांनी असा गोंधळ घातला, की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. निजिन्स्की विंगेत उभा राहून ओरडून मात्रा मोजत होता. आवडलं नाही हे सांगायची त्या मंडळींना लाज नव्हती. आपण सभ्य माणसं. आपण खोकतो.

वास्तविक पाय झटकणं ही आमच्या जिल्ह्याची जुनी कला. सिद्धापूर तालुक्यात कत्तलेकानच्या ओढ्यांत नाचरे बेडूक आहेत. जेमतेम अंगठ्याएवढे. पाण्याच्या खळखळाटात हाक कुणाला ऐकू जाईना, म्हणून नर दगडावर बसून मागचा पाय ताणतो, बोटं पसरून पडदा दाखवतो आणि पाय मागे घेतो. प्रतिस्पर्धी फारच जवळ आला, तर त्याच पायानं लाथ. २०१४ साली संशोधक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या अशा बेडकांच्या एकदम १४ नव्या जाती नोंदवल्या. बेडकांपुढे पुस्तिका नसते, आणि मादीला नाच पसंत पडला की नाही, हे लगेच कळतं.

कार्यक्रमानंतर कलावंतांशी संवाद होता. एका गृहस्थांनी 'विखंडित देहाचं राजकारण' यावर बराच वेळ प्रश्न विचारला. मुलगी नम्रपणे "हो" म्हणाली. दुसऱ्यांनी शांततेच्या सौंदर्यशास्त्राबद्दल विचारलं. पुन्हा "हो". तेवढ्यात आत्तेनं हात वर केला. माझ्या पोटात गोळा आला.

"विचार तिला," आत्ते म्हणाली, "एवढं अनवाणी नाचते, टाचा फुटत नाहीत?"

मी भाषांतर केलं आणि मुलीचा चेहराच उजळला. फुटतात! फार फुटतात! ती खाली बसली, तळवा उलटा करून दाखवला. टाचेवर आडव्या भेगा, चवड्यावर चिकटपट्टी, अंगठ्याचं नख काळंनिळं. लहानपणी बॅले शिकत होती, तेव्हाची हकिकत याहून वाईट. १८३२ साली मारी तालियोनी 'ला सिल्फिद'मध्ये चवड्यांच्या टोकावर नाचली आणि तेव्हापासून बॅलेच्या मुलींच्या बोटांना सुट्टी नाही. त्या बुटाचं टोक कापडाच्या न् कागदाच्या थरांना खळ लावून कडक केलेलं. घामानं मऊ पडलं की बूट गेला. नामांकित नर्तिका एका प्रयोगात जोडच्या जोड संपवते. पुढे इसाडोरा डंकननं बूट भिरकावून दिले आणि समकालीन नर्तकांच्या वाट्याला भेगा आल्या. संध्याकाळभर 'हो'वर भागवणारी ती मुलगी पायांवर बोलायला लागली, ती थांबेना. सभागृह पहिल्यांदा मनापासून ऐकत होतं. पेंगणारे गृहस्थही जागे झाले.

आत्तेनं पिशवीतून कोकमाच्या तेलाचा गोळा काढून तिच्या हातावर ठेवला. "रात्री थोडं गरम करून भेगांत भरायचं. वर मोजे." भाषांतराची गरज पडली नाही.

तेव्हापासून मी नृत्य पायांपासून बघायला लागलो. अर्थ आलाच तर मागून येतो, नाही आला तर त्याची मर्जी. बाहेर पडताना कुणी 'कसं वाटलं?' विचारलं, तर सांगतो, "टाचा बोलक्या होत्या." लोक गंभीर होतात. एकानं तर ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.