ब्राउझर आपोआप मिटत असल्यास : निदान व उपचार (अहमदपूर तालुक्यापुरते)

डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन, संक्षेपाने डीईपी, ही विंडोज संगणकाच्या मेमरीवर बसवलेली राखण आहे. मेमरीचा जो भाग नुसती माहिती ठेवण्यासाठी असतो तिथून कोणी हुकूम चालवू लागला, तर ज्या प्रोग्रॅममध्ये हे घडले तो प्रोग्रॅम उभ्या जागी बंद करायचा, एवढेच तिचे काम. समज देऊन सोडणे, उद्या या म्हणणे, वरच्या साहेबांना विचारून सांगतो म्हणणे, यांपैकी तिला काहीही येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी तिचे कोणाशी जमले नाही, यात नवल नाही. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर ती जगात आली. अहमदपुरात ती केव्हा पोचली, हे ज्याच्या त्याच्या सीडीवर अवलंबून होते.

एक्सपी-व्हिस्टाच्या काळात ब्राउझर मिटण्याच्या या रोगाची लक्षणे ठरावीक होती. नेट कॅफे किंवा सेतू केंद्र, जूनचा दुसरा आठवडा, बाहेर पावसाची वाट आणि आत रांग. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये अर्जाची तीन पाने भरून झालेली असतात, फोटो सांगितलेल्या मापात कसाबसा बसवलेला असतो आणि आता शेवटचे बटण दाबायचे असते. ते दाबताच खिडकी नाहीशी होते. तिच्या जागी इंग्रजीत एक चौकट येते : तुमच्या संगणकाच्या सुरक्षेसाठी विंडोजने हा प्रोग्रॅम बंद केला आहे. खाली प्रोग्रॅमचे नाव इंटरनेट एक्स्प्लोरर, त्याखाली प्रकाशक म्हणून मायक्रोसॉफ्टचेच नाव. वाड्याच्या राखणदाराने वाड्याच्याच थोरल्या मुलाला दारात अडवावे, तसा प्रकार. चौकटीला बटणे दोन. एक सेटिंग बदलण्याचे, दुसरे निरोप मिटवण्याचे. अनुभवी ऑपरेटर दुसरे इतक्या चपळाईने दाबतो की मजकूर पूर्ण वाचलेला माणूस शोधूनही सापडत नाही. मागून विचारणा होते, "कामून बंद पडलं रे लेकरा?" उत्तर ठरलेले असते, "सर्व्हर डाऊन हाय, मामा."

हे निदान चुकीचे आहे. ते खोडायला कोणी बसत नाही म्हणून टिकून आहे. सर्व्हर डाऊन असेल तर पान उघडत नाही, पण ब्राउझरची खिडकी शाबूत राहते. नेट गेले तरी खिडकी राहते. लाइट गेली तर खिडकी, संगणक, पंखा आणि झेरॉक्स मशीन अशी सगळीच एकदम जातात. यूपीएस असल्यास तो तेवढा ओरडत राहतो. खिडकी एकटीच गेली, बाकी सगळे जागेवर आहे आणि वर ती चौकट आली, तरच प्रकरण डीईपीचे समजावे.

रोगाचे मूळ कळण्यासाठी मोंढ्यात जावे लागते. आडत दुकानात एका अंगाला सोयाबीन-तुरीच्या कट्ट्यांची थप्पी असते, दुसऱ्या अंगाला मुनिमाची गादी. माल थप्पीत आणि हुकूम गादीवरून, ही रीत तिथे लहान पोरालाही ठाऊक असते. संगणकाला ती बराच काळ ठाऊक नव्हती. त्याच्या मेमरीत माल काय आणि हुकूम काय, दोन्ही आकडेच. आणि प्रोसेसर हा असा हमाल, की ज्या जागेचा पत्ता हाती पडेल तिथली चिठ्ठी वाचून तो कामाला लागतो. (मोंढ्यात असा हमाल नाही. तिथले हमाल आडत्याला हिशेब शिकवतात.) याचा फायदा घेणारा लबाड काय करतो, तर कट्ट्यातच एक चिठ्ठी घालून पाठवतो : गल्ला उघडा आणि बाहेरच्या जीपमध्ये भरा. कट्टा मापापेक्षा जास्त ठासलेला असतो. तो उसवतो, माल सांडतो आणि नेमका मुनिमाच्या वहीतल्या 'पुढची चिठ्ठी कुठे आहे' या ओळीवर पडतो. तिथला जुना पत्ता पुसला जाऊन थप्पीचा पत्ता लागतो. हमाल मुकाट्याने थप्पीकडे वळतो.

शास्त्रात याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. १९८८ चा मॉरिस वर्म, जुलै २००१ चा कोड रेड आणि ऑगस्ट २००३ चा ब्लास्टर हे तिन्ही संगणकी किडे याच वाटेने आत शिरले. ब्लास्टर लागलेला संगणक पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी करून स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होई. ज्या गावात दिवसातले कित्येक तास भारनियमन चाले, तिथे या लक्षणावरून रोग ओळखणे कोणत्याही वैद्याला अवघड गेले असते.

यावरचा उपाय पाटी लावण्याचा. मेमरी ४ किलोबाइटच्या पानांत वाटलेली असते. प्रत्येक पानाच्या नोंदीत एक जादा बिट ठेवला, की 'इथे फक्त माल, इथून हुकूम चालणार नाही' असे त्यावर लिहिता येते. एएमडीने २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये हा बिट दिला, पुढच्या वर्षी इंटेलनेही दिला. मेमरी तीच राहते, पाटी तेवढी बदलते. अहमदपूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. तालुका होता तिथेच आहे. १९५६ पर्यंत त्यावर बीदर जिल्ह्याची पाटी होती, मग उस्मानाबादची आली, १९८२ पासून लातूरची आहे. जमीन हलली नाही, पण कोणत्या कचेरीत खेटे घालायचे ते पाटीवर ठरले.

आता प्रश्न असा, की लबाड कोणी नसताना राखण का भडकते? कारण बहुतेक वेळा गुन्हेगार हा पाहुणा असतो. ब्राउझरच्या घरात अ‍ॅड-ऑन नावाचे पाहुणे राहतात : फुकटच्या गाण्यांबरोबर आलेला टूलबार, हवामान दाखवणारा दुसरा टूलबार, या दोघांना काढून टाकतो म्हणत आलेला तिसरा टूलबार, आणि डिजिटल सहीसाठी किंवा फाइल चढवण्यासाठी संकेतस्थळाने बसवायला लावलेला एखादा अ‍ॅक्टिव्हएक्स घटक. यांतले अनेक जण एटीएल नावाच्या घटकसंचाच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेले होते. त्या आवृत्तीची एक खोड होती. ती चालता चालता छोटासा हुकूम स्वतः लिही आणि सरळ मालाच्या पानावर ठेवून तिथूनच चालवी. हेतू वाईट नव्हता, २००४ च्या आधी ही रीतच होती. नवे ब्राउझरही चालता चालता हुकूम लिहितात, जावास्क्रिप्ट वेगाने पळवायची तर ते लागतेच. पण ते आधी परवानगी मागून त्या पानाची पाटी बदलून घेतात. जुन्या पाहुण्याला दार वाजवायची सवय नसते. आणि शिक्षा पाहुण्याला न होता घराला होते, कारण डीईपी पाहुणा हुडकत नाही. घरच पाडते.

प्रचलित उपचारांची नोंद येथे केवळ पूर्णतेसाठी. मॉनिटर पुसणे, माऊस उलटा करून आपटणे, सीपीयूवरच्या गणपतीला नवी उदबत्ती लावणे आणि डेस्कटॉपवर मोकळ्या जागी वीस-पंचवीस वेळा रिफ्रेश दाबणे यांचा डीईपीवर परिणाम होत नाही. रिफ्रेशने ऑपरेटरला बरे वाटते, ग्राहकाला काहीतरी चालू आहे असे दिसते. तेवढ्यापुरता तो उपचार मान्य करावा.

शास्त्रीय उपचाराची पहिली पायरी म्हणजे पाहुण्यांना अंगणात बसवून घर एकटे चालवून पाहणे. इंटरनेट एक्स्प्लोरर ७ आणि ८ असलेल्या संगणकांत स्टार्ट मेनूच्या अ‍ॅक्सेसरीज, सिस्टिम टूल्स या वाटेने गेल्यास 'नो अ‍ॅड-ऑन्स' असे कंसात लिहिलेला एक वेगळा एक्स्प्लोरर सापडतो. तो उघडून तेच पान, तेच बटण. खिडकी टिकली तर दोष पाहुण्यांत. मग टूल्समधील 'मॅनेज अ‍ॅड-ऑन्स' उघडून सगळे बंद करावेत आणि एकेक चालू करत जावे. ज्याच्या येण्याने खिडकी मिटेल तो आरोपी. त्याची नवी आवृत्ती असेल तर घालावी, नसेल तर त्याला एस.टी. स्टँडवर सोडून यावे. गुन्हेगार डिजिटल सहीचाच घटक निघाला तर मात्र त्याला हाकलता येत नाही. ज्या संकेतस्थळाने तो दिला तिथूनच सुधारलेला मागावा लागतो आणि तोवर सबुरी. या सगळ्याला पाऊण तास पुरतो. रांगेला तो पुरत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे.

म्हणून दुसरी पायरी लोकप्रिय आहे : राखणच उठवणे. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सची सेटिंग्ज आणि त्यातला तिसरा टॅब. तिथे दोन पर्याय दिसतात : राखण फक्त विंडोजच्या आवश्यक कामांवर ठेवायची, की अपवाद वगळून सगळ्यांवर. अपवादांच्या यादीत ब्राउझरचे नाव घालता येईल, अशी आशा वाटते. काही प्रोग्रॅमांच्या बाबतीत विंडोज उत्तर देते की या प्रोग्रॅमला डीईपीखालीच चालावे लागेल, सूट मिळणार नाही. मराठवाड्यात इतका स्पष्ट नकार क्वचितच मिळतो. काही जुन्या संगणकांत त्याच टॅबच्या तळाशी आणखी एक ओळ दिसते, की तुमच्या प्रोसेसरमध्ये ही सोयच नाही, आम्ही सॉफ्टवेअरच्या बळावर जमेल तेवढे पाहतो. राखणदाराची नेमणूक झालेली आहे, काठी मंजूर झालेली नाही, असा तिचा अर्थ.

तिसरी पायरी भाच्याची. भाचा लातूरला कॉम्प्युटरचे काहीतरी करतो आणि सणाला येतो. तो बूट डॉट आयएनआय नावाच्या फाइलमध्ये 'नोएक्झिक्यूट'पुढे 'ऑल्वेजऑफ' लिहितो, म्हणजे सबंध संगणकाची राखण कायमची उठते. ब्राउझर चालू लागतो, भाच्याचे नाव होते. हा बदल लागू व्हायला संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. भारनियमनाच्या दिवसांत हे काम वेगळे करावे लागत नसे. पुढे पेन ड्राइव्हमधून काय काय आले आणि कोणाच्या बँक खात्याचा पासवर्ड कुठे गेला, याचा या बदलाशी संबंध जोडणारे कोणी नसते. हा उपचार करू नये, असे इथे स्पष्ट लिहिलेले बरे, तो होतोच.

ब्राउझरच्या आतही एक वेगळी कळ आहे. इंटरनेट ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये, सुरक्षेच्या यादीत, ऑनलाइन हल्ल्यांपासून बचावासाठी मेमरी संरक्षण चालू ठेवा अशा अर्थाची एक ओळ असते. व्हिस्टावरील इंटरनेट एक्स्प्लोरर ७ मध्ये ती मुळातच बंद ठेवलेली होती, कारण जुने पाहुणे दुखावले जातील. मार्च २००९ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ने एक्सपी सर्व्हिस पॅक ३ आणि व्हिस्टा सर्व्हिस पॅक १ वर ती चालू करून दिली. काल चालणारा फॉर्म आज चालत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या एका खुणेत असते. व्हिस्टावर ती ओळ करडी दिसते आणि दाबली जात नाही. त्यासाठी ब्राउझर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडावा लागतो. फॉर्म आजच्या आज भरायचाच असेल, तर खूण काढावी, ब्राउझर बंद करून उघडावा, फॉर्म भरावा आणि खूण परत लावावी. यातील शेवटचे कलम आजवर पाळले गेल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा ब्राउझर वापरावा, हा सल्ला एक्सपी-व्हिस्टाच्या काळी निरुपयोगी होता. संकेतस्थळांच्या तळाशी इंटरनेट एक्स्प्लोररच हवा आणि पडदा १०२४ गुणिले ७६८ चाच हवा, अशी ओळ असे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. काही जुन्या कामांसाठी त्याला एज ब्राउझरच्या पोटात अजून खोली दिलेली आहे, घरातल्या थोरल्यांना ओसरीवर देतात तशी.

उपचार लागू पडला की नाही हे पाहण्यासाठी व्हिस्टा व विंडोज ७ मध्ये टास्क मॅनेजर उघडावा, व्ह्यू मेनूतून स्तंभ निवडताना डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शनचा स्तंभ घ्यावा आणि ब्राउझरच्या नावापुढे 'एनेबल्ड' दिसते का ते बघावे. दिसत असेल आणि खिडकीही टिकत असेल, तर रोगी बरा झाला. यानंतर अर्ज पहिल्या पानापासून भरावा लागतो. जिल्ह्याच्या यादीत लातूर निवडावे, तालुका त्यानंतरच उघडतो.