बुधवार, शुक्रवार, रविवार

दाजींचं हॉटेल पुणे-सोलापूर हायवेला, पळसदेवच्या हद्दीत. पाटीवर 'हॉटेल' असलं तरी राहायची सोय म्हणजे बाहेरची एक बाज, आणि दुपारी तिच्यावर दाजी स्वतःच मुक्कामाला असतात. मिळतं काय, तर उजनीची मच्छी. चिलापीचं ताट अडीचशे, मरळ घेतली तर त्याहून वर. लग्नसराईत दाजी अक्षता टाकत गावोगाव फिरायला लागले की गल्ल्यावर मला बसवतात. माझी पात्रता एवढीच, की मी आक्काचा भाऊ आहे आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब मला येतो.

गल्ल्यावर बसल्यावर लक्षात येतं, की माणूस जेवताना बोलत नाही आणि बिल हातात पडलं की त्याला वाचा फुटते. "अडीचशे? एवढं कशाचं?" हा गडी पुण्याकडून आला असेल तर पाटसला आणि सोलापूरकडून आला असेल तर सरडेवाडीला टोल भरून आलेला असतो. तिथं काचेवरच्या स्टिकरातून पैसे कापले जातात आणि तो रेडिओचा आवाज वाढवतो. आमच्याकडं मात्र त्याला अर्थशास्त्र आठवतं. "भिगवणच्या बाजारात चिलापी काय भावानं मिळते, मला ठाऊक आहे," असं तो दात कोरत सांगतो.

ठाऊक असणारच. पण बाजारात मिळते ती खवल्यांसकट चिलापी. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरगं पाटावर बसून ती साफ करतं, तेव्हा खवले त्याच्या भुवयांपर्यंत उडतात. कल्ले, पोट, पर, शेपूट गेली आणि डोकंही काढलं, की किलोतला निम्म्याच्या जरासा वर माल उरतो. गेलेला माल मांजरांच्या नावावर. त्यांच्याकडून आजवर एक रुपया वसूल झालेला नाही.

मासा मोजून वाढला जातो, रस्सा मात्र मोकळा. हा दाजींचाच नियम, आणि आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं भोक. पाच माणसांचं कुटुंब दोन ताटं सांगतं, तीन रिकाम्या ताटल्या मागवतं आणि "रस्सा येऊ द्या" म्हणतं. रश्शाला खोबरं लागतं, तीळ लागतात, तेल लागतं. तेलाचं तर विचारूच नका. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त परदेशातून येतं. २०२२ मध्ये युक्रेनात युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल भडकलं. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवायचं थांबवलं. जकार्तात निर्णय झाला आणि पळसदेवात आक्कानं पळी लहान केली.

गॅसचंही तसंच. घरची टाकी १४.२ किलोची, धंद्याची १९ किलोची, आणि तिचा भाव महिन्याच्या एक तारखेला बदलतो. मेनूकार्ड तेवढ्या वेळा छापणं परवडत नाही, म्हणून दाजी जुन्या भावावर नव्या भावाची चिठ्ठी डकवतात. मी एकदा नखानं ताटाची चिठ्ठी उचकटली, तर खाली दोनशेवीस, त्याच्या खाली एकशेऐंशी, आणि अगदी तळाशी, पिवळं पडलेलं, एकशेवीस. कार्डाचा तो कोपरा आता पुठ्ठ्यासारखा जाड झालाय.

जीएसटीही आहेच. दाजी कंपोझिशनमध्ये आहेत, म्हणजे विक्रीवर पाच टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे आणि बिलावर मात्र लावायचे नाहीत. बिलावर कर दिसला नाही की गिऱ्हाईक डोळा मारून म्हणतं, "चोरी चाललीय वाटतं मालक!" वर ट्रॅव्हल्सची गाडी थांबवली की ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण फुकट. गाडीतली चाळीस माणसं उतरतात ती बहुतेक बाथरूमसाठी. समोर ११७ टीएमसीचं धरण आणि आम्ही पिण्याच्या पाण्याचे जार विकत घेतो.

हे सगळं जमेला धरूनही अडीचशेचा मेळ मला लागेना. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि उजेड पडला. मच्छीच्या हॉटेलाचा खरा मालक कालनिर्णय आहे.

सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा, कुणाकुणाचा गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, आणि हल्ली तो फार कडक झालाय. शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातनं एकादशी, चतुर्थी, नवरात्र वजा करा. आखाडात चार दिवस बसायला जागा नसते, लोक वर्षभराचं उरकून घेतल्यासारखे खातात, आणि मग महिनाभर श्रावण. २०२३ साली तर अधिक श्रावण आला. एकापाठोपाठ दोन श्रावण! काही भाविकांनी दोन्ही पाळले. दाजी त्या वर्षी पंचांगकर्त्यांवर फार नाराज होते.

पण जागेचं भाडं सोमवारी उपास धरत नाही. डीप फ्रीझर गुरुवारीही घरघरतो. भाकरीवाल्या मावशींना शनिवारी "आज मारुतीचा वार, पगार नाही" असं सांगून बघावं कुणीतरी. म्हणजे रविवारी जो माणूस अडीचशे रुपये देतो, तो आपल्या मच्छीचे देतोच, शिवाय सोमवारच्या रिकाम्या खुर्चीचे देतो. सोमवारी त्या खुर्चीत न बसलेला माणूसही बऱ्याचदा तोच असतो, हे त्याला कोण सांगणार?

२०२४ च्या उन्हाळ्यात वाटलं होतं की दिवस पालटले. उजनीतला उपयुक्त साठा संपला की धरण उणे टक्क्यांत मोजतात, आणि त्या साली ते उणे पन्नासच्याही खाली गेलं. धरणात गेलेल्या जुन्या गावातलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं. लांबलांबून गाड्या आल्या. दाजींनी मसाला जास्तीचा कुटून ठेवला. पण पळसनाथ पडला महादेव. त्याचं दर्शन घेऊन लगेच मच्छी कोण खाणार? सगळे चहा पिऊन, फोटो दाखवून, बाथरूमला जाऊन परत. तेव्हापासून श्रावणातल्या गल्ल्याला दाजी 'उणे साठा' म्हणतात. थंडीत फ्लेमिंगो बघायला येणारे कॅमेरेवाले बरे, ते वार पाळत नाहीत. पण ताटाचे एवढे फोटो काढतात की रस्सा गार होतो, आणि गार झाला म्हणून बदलून मागतात.

एका रिकाम्या गुरुवारी मी वही काढून बसलो. मच्छी, तेल, गॅस, वीज, भाडं, पोरगं, मावशी, कर, फुटलेले ग्लास, सगळं मांडलं. मग ध्यानात आलं, पहाटेपासून मसाला भाजणारी, रस्सा फोडणीला टाकणारी आणि रात्री शेवटचं पातेलं पालथं घालणारी आक्का कुठल्याच रकान्यात नाही. हायवेवरच्या आचाऱ्याला जो पगार पडतो तो मी तिच्या नावापुढं लिहिला. ताट तीनशेच्या वर गेलं.

दाजी लग्नाहून आले तेव्हा कपाळाला टिळा आणि हातात नारळ होता. वही त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी चष्मा लावून एकेक रकाना बोटानं वाचला, शेवटच्या आकड्यावर बोट थांबलं. एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं, पान हळूच फाडलं, घडी करून खिशात घातलं.

"पाव्हणं," दाजी हळू आवाजात म्हणाले, "हिशेब बराबर हाय. फकस्त तुमच्या आक्काला दावू नका."