अवश्य वाचा

आमच्या वाचनालयात कथा-कादंबरी सोडून बाकी सगळं 'वैचारिक' या एकाच कपाटात नांदतं. मधुमेह, शिवकाल, शेअर बाजार आणि 'सेपियन्स'चा मराठी अनुवाद, सगळे सख्खे शेजारी. कपाटाला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते चहाला गेलेले असतात. बाहेर फळ्यावर मात्र टापटीप अक्षरात: 'नवीन पुस्तके. अवश्य वाचा.'

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आमच्याकडे सहावा आहे: अनामतीपेक्षा महाग पुस्तक घरी न्यायचं नाही. अनामत ५०० रुपये, नवं चरित्र ७०० चं. म्हणजे शिफारस फळ्यावर वाचायची आणि पुस्तक काचेतून.

तरी एखादा चिवट वाचक विचारतोच, "नवीन वैचारिक काही सुचवा ना."

"हे न्या. जाड आहे, महिनाभर पुरेल."

लेखक कोण, विषय काय, असला फापटपसारा नाही. शंका आलीच तर मागची चिठ्ठी बघायची. तारखांचे शिक्के भरपूर म्हणजे पुस्तक चांगलं; एकही नाही म्हणजे 'चालत नाही हो'. आणि शिक्का पडणार कसा, कुलूप आहे ना!

मागणीची वही आहे, दोऱ्याने पेन बांधलेली. तिच्यात कुणीतरी हवामानबदलावरची पुस्तकं मागितली आहेत. खाली वेगळ्या शाईत: 'पंखा दुरुस्त करावा.'

पंखा झाला.