स्टँड नसलेली सायकल

मिठाईच्या दुकानात चवीला म्हणून तळहातावर ठेवलेला बर्फीचा तुकडा घरी आणलेल्या अर्ध्या किलोपेक्षा नेहमीच जास्त गोड लागतो. अर्धा किलो घरी आली की तिच्यामागून हिशेब येतो: किती दिवस टिकेल, पाहुण्यांना पुरेल का, कुणाच्या साखरेला चालेल. तुकडा तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे आणि मान डोलवायची. एवढंच आपलं काम. जगातल्या बऱ्याच महाग गोष्टींबद्दल माझं असंच धोरण आहे. त्या इतरांनी घ्याव्यात, मी चव बघते.

त्यामुळे माझ्या भाच्याने चार लाखांची माउंटन बाईक घेतली तेव्हा घरात जे सुतकी वातावरण पसरलं त्यात मी मनापासून सामील होऊ शकले नाही. ताईने फोनवर सांगितलं, "सायकल घेतलीय त्याने," आणि पुढे बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "चार लाखांत सेकंडहँड गाडी येते गं. चार चाकांची." मी योग्य तिथे हुंकार दिले, आजकालच्या मुलांबद्दल जे बोलायचं असतं ते बोलले, फोन ठेवला आणि लगेच भाच्याला मेसेज केला: मला कधी देतोस?

तो मनाने उदार आहे. पावसाळा सरला की एका शनिवारी सकाळी वेताळ टेकडी असं ठरलं. टेकडीवर तो त्याची जुनी, दहा-बारा हजारांची सायकल चालवणार आणि नवी माझ्याकडे.

आता ही सायकल सरळ टांग मारून चालवायला घेता येत नाही. आधी ती अंगावर बेतावी लागते. पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत भाच्याने खणखणीत आवाजात विचारलं, "मावशी, वजन किती तुझं?"

"कशाला?"

"शॉकमध्ये हवा भरायचीय. बूट, हेल्मेट, पाण्याची बाटली सगळं धरून सांग."

मी कानात सांगितलं. त्याने मोबाईलवर किलोचे पाउंड केले आणि आधीच नकोसा असलेला आकडा दुपटीहून मोठा झाला. मग एका छोट्या पंपाने त्याने मागच्या शॉकमध्ये त्या बेताने हवा भरली. यामागचं गणित मात्र सुरेख आहे. आपण नुसते सायकलीवर बसलो की शॉक त्याच्या एकूण हालचालीच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. म्हणजे चाक दगडावर चढलं की वर जायला जागा उरते आणि खड्डा आला की खाली उतरायलाही. शॉकच्या दांड्यावर एक बारीक रबरी कडी असते, ती किती सरकली ते पट्टीने मोजायचं. आतमध्ये हवा स्प्रिंगचं काम करते, आणि तेल बारीक भोकांतून वाट काढत त्या स्प्रिंगचा अवखळपणा आवरतं. माझं वजन आयुष्यात प्रथमच कुणाच्या तरी तांत्रिक उपयोगाला आलं.

टायरमध्ये ट्यूब नाही. आत पांढरं चिकट द्रव आहे, काटा घुसला तर तेच भोक बुजवतं. आणि हवा किती, तर जेमतेम २२ पीएसआय. शाळा-कॉलेजात मी अंगठ्याने चाक दाबून बघायचे आणि जराही दबलं तर पुन्हा पंप मारायचे. इथे चाक मुद्दामच मऊ ठेवायचं, म्हणजे ते दगडाला अडून उसळत नाही, त्याच्याशी जमवून घेतं. चाकांचं माप २९ इंच. हे ऐकून मी दबकले, पण नंतर कळलं की आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीची २८ इंची म्हणवणारी रिम प्रत्यक्षात हिच्याहून १३ मिलिमीटरने मोठी असते. एकीचं ६२२, दुसरीचं ६३५. मोठ्या चाकाला खड्डा कमी कळतो हे ज्ञान आपल्या दूधवाल्यांना आधीपासून होतं. त्यांनी त्याची जाहिरात केली नाही एवढंच.

पौड रस्त्याकडून एआरएआयच्या बाजूने वर जाणारा चढ मला चांगला ठाऊक आहे, तो पायांना. सायकलीने मी तिथे कधी गेले नव्हते, कारण माझी सायकल होती ती काळी लेडीज: पुढे बास्केट, चेनकव्हर, ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. तिच्यावर पायडलच्या एका फेरीत सायकल पाच मीटरहून जास्त पुढे जायची. सपाटीला हे ठीक. चढाला मात्र ते पाच मीटर गुडघ्यांनी ओढायचे. या नव्या सायकलीला पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र आणि मागे बारा. त्यातलं सर्वांत मोठं ५१ दात्यांचं. त्यावर चेन टाकली की पायडलच्या एका फेरीत सायकल दीड मीटरही सरकत नाही. वेग असा की शेजारून चालणाऱ्या आजी आपल्याशी गप्पा मारू शकतात. पण दम लागत नाही. म्हणजे लागतो, पण हृदय घशात येत नाही, छातीतच राहतं. चढ संपला तेव्हा मी मागे वळून भाच्याकडे बघितलं. तो जुन्या सायकलीवर घामाने निथळत होता. मला बरं वाटलं.

टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पुणे शहरात याहून उंच जागा नाही. वेताळाचं देऊळ, जुन्या खाणीतलं पाणी, गिरिपुष्पाची झाडी, मधूनच मोराची हाक, आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी. पावसाळा नुकताच सरला होता. गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि कुसळं मोज्यांत शिरायला. पावसात इथे सायकल आणू नये, असं भाच्याचं ठाम मत आहे. ओल्या मातीत चाकांच्या चऱ्या पडतात, मग त्यातून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी पायवाटेचा ओघळ होतो. आजच्या तरुणांना कशाचीच पर्वा नाही असं मानणाऱ्यांच्या हे सोयीचं नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

देवळापाशी आम्ही थांबलो. तिथल्या कट्ट्यावरच्या एका आजोबांनी सायकलीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"बॅटरीची आहे का?"

"नाही हो, साधीच."

"केवढ्याला?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. आपली नसली की किंमत सांगायला फार मोकळेपणा वाटतो. आजोबांनी दुसरी प्रदक्षिणा सुरू केली.

"स्टँड?"

"नाही."

"कॅरिअर नाही. मडगार्ड नाही. चेनकव्हर नाही. कुलूप नाही." ते थोडे थांबले. "घंटीसुद्धा नाही?"

"घंटी लावायचीय," भाचा पुटपुटला.

"मग चार लाख कशाचे?"

प्रश्न चोख होता. भाच्याने कार्बनची फ्रेम, पुढचा १४० मिलिमीटरचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक अशी उजळणी केली. आजोबांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मात्र त्यांच्या मनातल्या पावतीवर एकही कलम चढलं नाही. शेवटी त्याने हँडलच्या डाव्या बाजूची एक पट्टी अंगठ्याने दाबून सीट हाताने खाली ढकलली, पट्टी पुन्हा दाबली आणि सीट आपोआप वर आली. उतारावर सीट आड येऊ नये म्हणून ही सोय. आजोबांचा चेहरा प्रथमच उजळला. "खुर्ची आपल्या हाताने खाली आणायची," ते म्हणाले, "हे मात्र आपल्या देशात नवीन आहे."

पायी फिरणारे आणि सायकलवाले यांच्यातली ही प्रदक्षिणा फार जुनी आहे, आणि माउंटन बाईकचा हा खेळ जिथे जन्मला तिथेही ती चुकली नाही. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे आणि तिथे माउंट टॅम नावाचा डोंगर. १९७० च्या दशकात तिथल्या काही टवाळ पोरांनी १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. दोन मैलांत १३०० फूट खाली. ब्रेक म्हणजे पायडल उलटं दाबायचं, की मागच्या चाकाच्या हबमध्ये घर्षण होणार. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं. प्रत्येक फेरीनंतर तो उघडून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नाव पडलं रीपॅक. गॅरी फिशरने तो ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरून दाखवला. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली, १९८१ मध्ये कारखान्यात बनलेल्या सायकली बाजारात आल्या आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये खेळ दाखल झाला. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं. आणि एवढं सगळं होऊनही माउंट टॅमच्या कच्च्या रस्त्यांवर सायकलला ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, कारण तिथेही चालणारी मंडळी चिडली. आमच्या टेकडीवर आकड्याची गरज नाही, आजोबांची नजर पुरते. समोरून माणूस आला की आम्ही सायकल थांबवून बाजूला होत होतो, आणि मी प्रत्येकाला "नमस्कार" म्हणत होते.

मग उतार आला.

झाडीतून खाली जाणारी ती वाट फारशी कुणी वापरत नाही. मुरूम, त्यात रुतलेले गोटे, मधे वीतभर उंचीच्या दोन दगडी पायऱ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तो, कुणासाठीही सरकून बसणार नाही. भाच्याने सूचना दिल्या. सीट खाली. पायडलं आडवी ठेवून त्यांवर उभी राहा. कोपर बाहेर. ब्रेकवर एकेक बोट, जास्त नको. पुढचा ब्रेकही लाव, तोच जास्त काम करतो. (लहानपणी पुढच्या ब्रेकला हात लावला तर वडील ओरडायचे.) आणि शेवटची: "दगडाकडे बघू नकोस, वाटेकडे बघ. नजर जाते तिथेच चाक जातं." हे वाक्य एखाद्या व्यवस्थापनगुरूच्या हाती लागलं असतं तर त्याने त्यावर तीन दिवसांचं शिबिर काढलं असतं. इथे ते निव्वळ वाहतुकीच्या नियमाइतकं खरं आहे. मी एका गोट्याकडे बघितलं, आणि सायकल आज्ञाधारकपणे त्या गोट्यावरच गेली.

आणि काही झालं नाही.

हेच मला सांगायचं होतं. काहीही झालं नाही. माझ्या जुन्या सायकलीने एवढ्यात मला बाभळीत पोहोचवलं असतं. इथे पुढचं चाक वर चढलं, फोर्क आत गेला, बाहेर आला, आणि हँडल होतं तिथेच. खाली बघितलं तर चाक सारखं वर-खाली, प्रचंड कामात. वर मी निवांत. आवाजही नाही. माझी सायकल अशा वाटेवर स्टँड, चेनकव्हर, बास्केट, घंटी सगळ्यांसह खडखडली असती. इथे फक्त मुरमाची चरचर आणि पाय थांबले की मागच्या चाकाची टर्रर्र. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. त्यांनी मोजलेल्या सगळ्या नसलेल्या गोष्टी मिळून ती शांतता झाली होती.

पहिली पायरी मी ब्रेक दाबत, सरपटत उतरले. दुसरीच्या वेळी बोटं आपोआप सैल झाली. वजन जरा मागे, गुडघे वाकलेले, सायकल माझ्याखालून उतरली आणि मग मी तिच्यापाशी पोहोचले. त्या अर्ध्या सेकंदात मी पंचावन्नची आहे, माझी बीपीची गोळी घ्यायची राहिलीय, घरी डाळ भिजत घातलीय, यातलं काहीही लागू नव्हतं. पुढचं वळण मी अंग झुकवून घेतलं. टायरच्या कडेच्या गाठींनी मुरूम धरला. मी ओरडले. शब्द नव्हता तो. मागून भाचाही जुन्या सायकलीवरून खडखडत, ओरडत येत होता.

नव्वद टक्के कर्तृत्व सायकलचं होतं हे मला कळत होतं. चांगली सायकल आपल्याला धीर उसना देते आणि परतफेडीचं नाव काढत नाही. वाईट सायकल मात्र प्रत्येक चूक व्याजासकट वसूल करते. कसलेले स्वार म्हणतील, आधी साध्या सायकलीवर शिकावं, म्हणजे हात तयार होतो. बरोबर असेल. पण माझ्या वयात हात तयार करायला घेतला तर तो तयार होईस्तोवर गुडघा जाईल.

खाली पोहोचल्यावर भाच्याने पहिल्यांदा सायकल तपासली. मग मला विचारलं, लागलं नाही ना. क्रम माझ्या लक्षात आला, पण मी रागावले नाही. फ्रेमवर एक केसभर चरा दिसतोय का हे तो ज्या नजरेने शोधत होता, ती बघून मला त्याची दयाच आली.

"मावशी, त्या दुसऱ्या पायरीवर कशी वाटते गं ही?"

"म्हणजे? तू गेला नाहीस हिच्यावरून?"

"जुनीवरून रोज जायचो. हिला घेऊन मी वरच्या रस्त्याने फिरून येतो. दगड लागला तर कार्बनचं काही खरं नाही."

चार महिने झाले होते सायकल घेऊन. मी त्याला सुचवलं, एखाद्या मित्राकडे अशी भारी सायकल असेल तर त्याची माग आणि एकदा उतरून बघ.

"मागितलीय," तो गंभीरपणे म्हणाला. "तो म्हणतो, आधी तुझी दे. तोही त्याची घेऊन कधी उतरला नाहीये."

पुढच्या शनिवारी दोघं सायकली अदलाबदल करून उतरणार आहेत. मलाही बोलावलंय. मी म्हटलं, येते. मला कुठलीही चालेल.