पात्राला पाप करू द्या

ख्रिस्ती लेखक कथा लिहायला बसला की अख्खी मंडळी त्याच्या खांद्यावरून वाकून बघते. नायक दारू प्यायला? पाळकसाहेब काय म्हणतील! नायिकेने रविवारची उपासना चुकवली? महिला मंडळात चर्चा होईल. मग लेखक धास्तावतो आणि शेवटच्या पानावर सगळ्यांना गुडघे टेकायला लावतो.

कथा तिथेच मरते.

ही भीती आली कुठून? बायबलमधून तर नक्कीच नाही. दावीद राजा दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवतो आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मुद्दाम पुढे धाडून मारवतो. हे झाकावं, असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही.

पेत्राचा प्रसंग तर कथाकाराने पाठच करावा. थंडीची रात्र, महायाजकाच्या वाड्यातलं अंगण, कोळशांचा विस्तव, शेकत उभा असलेला पेत्र. एक दासी त्याला ओळखते. तो नाकारतो. पुन्हा नाकारतो. शेवटी बोलीच त्याला उघडं पाडते, तो गालीलचा हेल लपत नाही. तो शपथा घेऊन तिसऱ्यांदा नाकारतो आणि कोंबडा आरवतो. ज्याच्या नावाचं भव्य चर्च रोममध्ये उभं आहे, त्याचा भित्रेपणा चारही शुभवर्तमानांत नोंदलेला आहे. आपल्या कथेतल्या मास्तराने मात्र साधं खोटंही बोलायचं नाही?

उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा शेवट आठवा. धाकटा परतला, मेजवानी सुरू झाली, थोरला रुसून बाहेर. बाप समजूत काढतो. थोरला आत आला का? येशूने सांगितलंच नाही. ऐकणाऱ्यांवर त्याचा एवढा भरवसा होता. आपण वाचकावर अर्ध्या पानाचाही टाकत नाही.

ग्रॅहम ग्रीनची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ १९४०ची. मेक्सिकोत चर्चचा छळ, मागे पोलीस, आणि नायक कोण? दारुडा फादर, एका मुलीचा बाप. सापळा आहे हे ओळखूनही तो मरणाऱ्याचं पापनिवेदन ऐकायला मागे फिरतो. १९५३ मध्ये व्हॅटिकनच्या होली ऑफिसने या पुस्तकावर आक्षेप घेतला. पुढे खुद्द पोप सहावे पॉल यांनी ग्रीनना सांगितलं, काहींना खटकणारच, मनावर घेऊ नका.

अमेरिकेत जॉर्जियातली फ्लॅनरी ओ’कॉनर सकाळी मिस्साला जायची, मग लिहायला बसायची. तिच्या एका कथेत बायबल विकणारा तरुण एका बाईचा लाकडी पायच पळवतो. श्रद्धा पक्की असली की एवढं धाडस होतं.

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती ‘यमुनापर्यटन’, १८५७ची, बाबा पदमनजींची. धर्मांतर केलेला लेखक, प्रचाराचा हेतू उघड. पण आजही काय वाचवतं? केशवपनाच्या धाकात जगणाऱ्या विधवांची दुःखं. उपदेशाची पानं आपण भराभर उलटतो.

आज विषयांचा दुष्काळ आहे का? एकाच वेदीपुढे प्रभुभोजन घेणारी माणसं सोयरीक जुळवताना मूळची जात विचारतात. कोणत्या शब्दांत विचारतात? चर्च कमिटीच्या निवडणुकीत कोण कोणाला पाडतं आणि पुढच्या रविवारी त्याच्याशेजारी कसं बसतं?

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. म्हणून कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी घरं आहेत. तिथली आई पोराच्या शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहिते? आणि रात्री पोराला शेजारी बसवून प्रार्थनेत काय बोलते?

ही कथा मला वाचायची आहे. ती बाहेरच्या कुणाला लिहिता येणार नाही.