वॉल स्ट्रीटवर हाताची घडी

संपकऱ्याच्या पोराला आंदोलन शिकवावं लागत नाही, असा माझा ठाम समज होता आणि तो मी कुणी न विचारता सगळ्यांना सांगत असे. जन्म लालबागचा. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांत विणाईच्या साचे खात्यातले आमचे वडीलही होते. मी तेव्हा चौथीत. द्वारसभेत वाटलेली पत्रकं गोळा करून त्यांची विमानं उडवणं, एवढंच माझं संपकार्य. पण पुढे अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या मराठी मंडळींना हे सांगताना माझं तेव्हाचं वय दर खेपेला थोडं वाढायचं आणि विमानं गळायची.

अशा अनुभवी माणसाच्या ऑफिसच्या दारात एक आंदोलन आपणहून येऊन बसलं. 17 सप्टेंबर 2011 ला मॅनहॅटनच्या टोकाला, झुकोटी पार्कात, लोकांनी पथाऱ्या पसरल्या. ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’. हाक दिली होती कॅनडातल्या ‘ॲडबस्टर्स’ नावाच्या मासिकाने. पार्क म्हणायचं एवढंच. मुळात तो फरसबंद चौक. मालकी खासगी कंपनीची, पण शहराच्या नियमाप्रमाणे लोकांना चोवीस तास खुला ठेवणं भाग. सरकारी बाग असती तर रात्री शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं असतं. श्रीमंतांविरुद्धच्या आंदोलनाला पाय रोवायला मिळाले ते खासगी मालकीच्या फरशीवर. हा विनोद माझा नाही, न्यूयॉर्कच्या नियमावलीचा आहे.

मी त्याच भागातल्या एका बँकेत काम करत होतो. म्हणजे खुर्ची बँकेची, पगार कंत्राटदार कंपनीचा आणि व्हिसा दोघांच्या मेहेरबानीवर. दिवसभर बँकेचं व्याज पैशापैशाने बरोबर येतंय ना, ते तपासायचं आणि संध्याकाळी जर्सी सिटीला परतायला पाथ रेल्वे पकडण्याआधी गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबून त्याच बँकेविरुद्ध घोषणा द्यायच्या, असा माझा दिनक्रम झाला. 1 ऑक्टोबरला ब्रुकलिन पुलावर सातशेवर लोकांना अटक झाली. त्यानंतर मी नुसते ओठ हलवायला लागलो.

घोषणा होती, आम्ही 99 टक्के. वरच्या एका टक्क्यात शिरायला तेव्हा वर्षाला तीन-साडेतीन लाख डॉलर मिळकत लागे, म्हणजे अमेरिकेत मी बिनधोक 99त. दर महिन्याला घरी पैसे पाठवताना मात्र लक्षात यायचं, की पाथच्या डब्यात जो शोषित, तोच लालबागला उतरला की चाळीतला कुबेर. हा तपशील मी फलकावर लिहिला नाही. तेवढी जागाही नव्हती.

वडिलांना फोन करून सगळं वर्णन केलं. त्यांनी विचारलं, “पुढारी कोण?”

“पुढारी नाही, बाबा. इथे सगळे सारखे.”

“बरं. मागणी काय?”

“एक अशी ठरवलेली नाही. चर्चा चालू आहे.”

पलीकडे लाइन कट झाली की काय, असं वाटण्याइतका वेळ गेला. बाबांना 82 च्या मागण्या अजून पाठ आहेत : पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करा, आणि 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला दिलेली मक्तेदारी मोडा. पुढारी होता, मागण्या होत्या, माणसं होती. तरी गिरण्या गेल्या, त्यांच्या जागांवर टॉवर उभे राहिले आणि बाबा त्यातल्याच एकाच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलेलाच नाही, हे ते अजूनही बजावून सांगतात. शेवटी म्हणाले, “हे तुझं बरंय. मागणीच नाही, तर मालक फेटाळणार काय!”

टोमणा मला लागला. या लोकांना आता आपणच वळण लावायचं, असं मी ठरवलं. निदान एक व्यासपीठ, एक अध्यक्ष, आभारप्रदर्शनाला कुणीतरी! पश्चिमेच्या टोकाला दिवसभर ढोल बडवणारे होते, त्यांनाही दोन गोष्टी सांगाव्यात असं मनात होतं. लालबागच्या माणसाला तो ठेका ऐकवत नाही.

पण त्या चौकात बोलायचं तर त्यांच्या रीतीने. परवान्याशिवाय लाउडस्पीकरला बंदी, म्हणून बोलणाऱ्याने “माइक चेक!” ओरडायचं आणि मग चार-चार शब्दांचे तुकडे टाकायचे, आसपासचे लोक तो तुकडा एकसुरात परत म्हणणार, म्हणजे मागच्यांना ऐकू जाणार. गर्दी मोठी असली की तेच वाक्य लाटेसारखं दोन-तीनदा मागे सरकायचं. आपल्याकडच्या कुठल्याही वक्त्याला आठवडाभर या पद्धतीने बोलायला लावावं. तिसऱ्या तुकड्याला आपण नुसतंच ‘या ठिकाणी’ म्हणतोय, हे त्याला शेकडो तोंडांतून ऐकावं लागेल. टाळ्या वाजवायच्या नाहीत, वेळ जातो. पटलं तर हात वर करून बोटं हलवायची, नाही पटलं तर बोटं खाली. आणि दोन्ही हातांची छातीवर फुली केली की तो नकाराधिकार. माझ्या सद्सद्विवेकाला हा ठराव मान्य नाही, तो संमत झाला तर मी आंदोलन सोडीन, इतका त्याचा अर्थ गंभीर.

दिवाळी आली. आईने ओळखीच्या माणसाबरोबर फराळ धाडला होता, तिच्या लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यातून. झाकणावर नाव, तारीख, सगळं कोरलेलं. ‘डबा परत पाठव’ ही सूचना फराळाच्याही आधी येऊन पोचली होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, 26 ऑक्टोबरला, मी चकल्यांचा तो डबा घेऊन थेट झुकोटीच्या मुदपाकखान्यावर गेलो. तिथे आलेल्या कुणालाही विनामूल्य जेवायला मिळायचं. वाढणाऱ्या मुलीने विचारलं, यात गहू आहे का? दाणे? दूध? मी सांगितलं, भाजणी तांदळाची, त्यात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, बाकी धणे-जिरे. साऱ्या आंदोलनात मी अधिकारवाणीने बोललो तो हा एकमेव प्रसंग. तिने डब्याला चिकटपट्टी लावून वर ‘व्हीगन’ लिहिलं. चकल्या पाहता पाहता संपल्या आणि रिकामा डबा धुवायच्या भांड्यांच्या ढिगात गेला. म्हटलं, सभा आटपून घेऊ.

थंडी मी म्हणत होती. माझं एकमेव जाड जाकीट बँकेने वाटलेलं, छातीवर बँकेची हातभर मुद्रा. ते अर्थातच ऑफिसच्या खुर्चीवर टांगून आलो होतो. सभेपुढे ठराव होता, आंदोलकांचे ओले कपडे आणि झोपायच्या पिशव्या धुऊन आणण्यासाठी पैसे मंजूर करण्याचा. सगळीकडे बोटं वर हलत होती. मी कुडकुडत दोन्ही हात छातीवर आडवेतिडवे घेतले आणि खांदे चोळायला लागलो.

“आपल्यासमोर नकाराधिकार आला आहे,” सूत्रधार म्हणाली. शेकडो लोकांनी ते वाक्य उच्चारलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला थंडी वाजतेय, एवढं बोललो असतो तर संपलं असतं. पण समोर एवढी सभा, आणि प्रत्येक शब्द शेकडो गळ्यांतून परत येणार! लालबागचं रक्त उसळलं. “माझे वडील,” मी म्हणालो. सगळे म्हणाले, माझे वडील. “मुंबईच्या गिरणीत होते.” मुंबईच्या गिरणीत होते. पुढे संप, टॉवर, वॉचमन, सगळं आलं. चौकाच्या पार मागच्या ओळीपर्यंत माझा बाप चार-चार शब्दांनी जात होता, आणि माझे डोळे भरून आले. मग लक्षात आलं, की याचा धोब्याच्या बिलाशी काय संबंध, ते आता सांगावं लागणार. सुचेना. मी म्हणालो, “थँक यू.” जमाव म्हणाला, “थँक यू.”

सूत्रधाराने विनयाने विचारलं, “नकार कायम आहे का?”

“नाही. मला फक्त थंडी वाजतेय.”

हेही सगळ्यांनी मोठ्याने परत म्हटलं. ठराव मंजूर झाला. कुणीतरी दान आलेल्या कपड्यांतला लोकरीचा कोट माझ्या खांद्यावर टाकला. माझ्या घरच्या कुठल्याही कोटापेक्षा चांगला होता. या गडबडीत डबा राहिला.

सभा इंटरनेटवर थेट दिसायची, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने “धुलाई का अडवलीस रे?” म्हणून विचारलं तेव्हा. त्यानंतर मी पाथ स्टेशनला लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो. 28 ऑक्टोबरला अग्निशमन दलाने आंदोलकांचे जनरेटर नेले, दुसऱ्या दिवशी बर्फ पडला, तरी ती माणसं तंबूंतून हलली नाहीत. मी बँकेचं जाकीट घालून घरी होतो. 15 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी चौक रिकामा केला आणि तंबू, भांडी, लोकांनी उभारलेल्या ग्रंथालयातली हजारो पुस्तकं गाड्यांत भरून 57व्या रस्त्यावरच्या सफाई खात्याच्या गॅरेजात नेली. सामान परत मिळत होतं, पण ओळख पटवून. व्हिसावरच्या माणसाने नाव लिहून द्यावं इतकी डब्यावर माझी निष्ठा नव्हती.

बाबांच्या ‘मागणी काय?’ या प्रश्नाचं उत्तर वर्षभराने मिळालं. 29 नोव्हेंबर 2012 ला न्यूयॉर्कमधल्या फास्ट फूडच्या दुकानांतले दोनेकशे कामगार संपावर गेले. मागणी एका ओळीची : ताशी 15 डॉलर आणि युनियन. बाबा फोनवर खूश होऊन म्हणाले, “याला म्हणतात मागणी.” 2016 मध्ये न्यूयॉर्क राज्याने 15 डॉलरचा कायदा केला. युनियनचं तेवढं घोडं अडलेलंच राहिलं. त्याआधी, 2013 मध्ये, त्या ग्रंथालयाच्या नुकसानीपोटी शहराने 47 हजार डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. भांड्यांचा त्यात उल्लेख नाही.

तेव्हा न्यूयॉर्कातल्या वाचकांना विनंती, की झाकणावर मराठीत नाव कोरलेला स्टीलचा डबा कुठे दिसला तर कळवावं. आईची मागणी एकच आहे आणि तीही अजून कुणी मागे घेतलेली नाही.