कवटीचा शिक्का कोणत्या हातात?

नागपुरात जुनी कॉमिक्स जमवणारा माणूस ओळखायचा असेल, तर त्याच्या घरचा कूलर पाहावा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास रेंगाळतो, सगळं शहर वाळ्याच्या वासात आडवं होतं, आणि या घरातला कूलर मात्र बंद. कूलरची ओल कागदाला लागते! आमच्या वेताळभाऊंचं कुटुंब उन्हाळाभर घाम पुसत बसतं आणि पलंगाखालच्या ट्रंकांत इंद्रजाल कॉमिक्स कोरडी ठणठणीत असतात. मुंबईचे संग्राहक पावसाळी हवेला शिव्या देतात, हे ऐकलं की भाऊ हसतात. "त्यांची ओल देवानं धाडली. आपण तर लाइटबिल भरून आणून राहिलो!"

वेताळभाऊ हे नाव गल्लीनं दिलेलं, इंद्रजालमधल्या वेताळावरून, म्हणजे फँटमवरून. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं आहे. नव्या पाहुण्याला ते पाणी देतात. चहा मात्र परीक्षेनंतर. प्रश्न एकच : वेताळाच्या कवटीचा शिक्का कोणत्या हातात? उजव्या, म्हणजे ठोसा खाणाऱ्याच्या जबड्यावर तो उमटतो. डाव्या हातात रक्षणाचा शिक्का, कारण तो हृदयाजवळ. उत्तर चुकलं की भाऊ आतल्या खोलीकडे बघून म्हणतात, "दूध नाही वाटते आज." एका होणाऱ्या जावयानं इथे "कोणता वेताळ? विक्रमाचा?" असं विचारलं होतं. लग्न झालं, पण भाऊंनी फोटोत मान वळवली आहे.

त्यांच्या मते जगाचा इतिहास सोपा आहे. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४मध्ये इंद्रजाल काढलं, तो उदय. १९९०मध्ये बंद केलं, तो अस्त. मधला काळ म्हणजे संस्कृती. पुढची नुसती रद्दी. अमर चित्र कथेबद्दल आदर आहे, पण तो शाळेतल्या सरांबद्दल असतो तसा, जरा लांबून. अनंत पैंनी १९६७मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेचे पहिले १० अंक परदेशी परीकथांचे होते आणि ‘कृष्ण’ ११वा, हे ते कुणी न विचारता सांगतात. पुढे आवाज खाली आणून : "ते १० कोणाकडे दिसले तर मले आधी सांगजा."

सुपरहिरोंविषयीची मतं तर ठाम. सुपरमॅनला गोळी लागतच नाही, मग त्यात छाती पुढे काढण्यासारखं काय? बॅटमॅन म्हणजे श्रीमंताचा रिकामा वेळ. वेताळ मात्र हाडामांसाचा माणूस. १५३६ सालापासून बापामागून मुलगा तेच काम करतो आहे आणि हल्लीचा २१वा. भाऊंच्या लेखी अनुकंपा तत्त्वावरची नेमणूक इतकी नेकीनं दुसऱ्या कुठल्याच खात्यात निभावली गेली नाही. हिंदीतली राज कॉमिक्सही त्यांना चालतात. जुन्या मध्यप्रांताच्या राजधानीत दोन्ही भाषा एकाच पानठेल्यावर बोलल्या जातात. सुपर कमांडो ध्रुव मान्य, कारण त्याला शक्ती नाही आणि मुखवटाही नाही. नागराजबद्दल एकच तक्रार : नाव नाग, अंगात नाग, आणि नाग नदीचं हे गाव सोडून राहतो भलतीकडेच!

पण भाऊंचं खरं वक्तृत्व ऐकावं ते विक्रेत्यांवर. एके काळी बर्डीच्या फुटपाथवर आणि कबाड्यांच्या दुकानांत वर्तमानपत्र आणि वेताळ एकाच तराजूत, एकाच भावानं तोलले जात. भाऊंची पद्धत ठरलेली. आधी बीजगणिताचं एखादं पुस्तक उचलायचं, त्यावर घासाघीस करायची, रागानं दोन पावलं निघायचं, आणि मग अगदी कंटाळून, "बरं, हे चित्रांचंही टाक त्यात, पोराले होते." तेव्हा पोर तर सोडाच, लग्नही झालेलं नव्हतं. या पद्धतीमुळे घरात बीजगणिताची पुस्तकंही बरीच आहेत.

मग कबाड्याच्या हाती फोन आला आणि भाऊंच्या मते कलियुग तिथून लागलं. आता प्रत्येक अंक ‘रेअर’. कव्हर नसेल तर ‘रीडिंग कॉपी’. वाळवीनं शेवटची दोन पानं खाल्ली असतील तर ‘वयाच्या मानाने उत्तम’. भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या लायब्ररीचा जांभळा शिक्का वेताळाच्या तोंडावरच बसला असेल, तर ‘ऐतिहासिक खूण’, आणि तिचे वेगळे पैसे. "चोर आहेत बाप्पा सगळे," भाऊ म्हणतात. ज्ञान फक्त गिऱ्हाइकाकडे असावं, हा व्यापाराचा मूळ नियम या लोकांनी मोडला, याचं त्यांना मनापासून दुःख आहे.

२०२४मध्ये अमेरिकेत ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाला ६० लाख डॉलर मिळाले. १९३८चा, सुपरमॅनच्या जन्माचा अंक, मूळ किंमत १० सेंट. भाऊंनी रुपयांत हिशेब करून घरात ५० कोटींचा आकडा जाहीर केला. वहिनींनी शांतपणे विचारलं, "मग आपल्यातलं एखादं विकून कूलरखाली जाड टाइल्स बसवता येतील का?" भाऊ दोन दिवस बोलले नाहीत.

इंद्रजालमधला त्यांचा सगळ्यात लाडका मात्र बहादूर. १९७६ची निर्मिती, कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा. त्याचे निर्माते आबिद सुरती यांनी पुढे २००७पासून मीरा रोडला दर रविवारी प्लंबर घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. भाऊंनी ही बातमी कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. इकडे स्वयंपाकघरातला नळ गेलं वर्षभर टपटपतो आहे.

"इतका अभिमान आहे तर एक वायसर तरी बदला," वहिनी म्हणाल्या.

भाऊंचे डोळे चमकले. "मीरा रोड म्हणजे आठशे किलोमीटर. पण पत्र टाकून पाहतो. आले तर अंकावर सहीही होऊन जाईल." आणि लगेच बजावलं, "तोवर त्या नळाले कोणी हात लावायचा नाही."